टेकडीखालच्या शेतातली मेंढरं

लग्न होऊन मी आंबिवलीला आले तेव्हा स्वातंत्र्याला चारपाच वर्षं होऊन गेली असतील. माझं माहेर ठाण्याच्या नौपाड्यातलं. तिथे घरात विजेचा दिवा, दाराशी नळ, हाकेच्या अंतरावर डॉक्टर. आंबिवलीला मागच्या दारात उभं राहिलं की समोर नुसती भातशेतं आणि त्यांच्या पलीकडे झाडीनं भरलेली टेकडी. माझे यजमान कल्याणला नोकरीला होते. शेती मामंजी, म्हणजे माझे सासरे, बघायचे.

मामंजी कमी बोलणारे. गावात कुणाचा बांधावरून तंटा झाला की दोन्ही बाजूचे लोक आमच्या ओटीवर येऊन बसत. मामंजी दोघांचं ऐकून घेत आणि चार शब्दांत निकाल सांगत. तो सगळ्यांना पटत असे, निदान पटल्यासारखं दाखवून लोक घरी जात. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे घडलं ते कुणा लबाड माणसाच्या हातून घडलेलं नाही.

आमचं टेकडीखालचं शेत काही वर्षं रुसलं होतं. भात उगवायचं, पण लोंबीत दाणा भरायचा नाही. मेंढरं बसवली तर जमीन सुधारेल असं मामंजींच्या मनात होतं. दिवाळीनंतर भात कापून झालं की देशावरचे धनगर घाट उतरून आमच्या बाजूला येत. मोकळ्या शेतात मेंढरं बसवत. लेंडीमुतानं जमिनीला खत मिळे आणि त्याबद्दल शेतकरी त्यांना धान्य देत. एक धनगर कुटुंब दर वर्षी नदीकाठच्या शेतांत उतरायचं. त्या वर्षी मामंजी स्वतः जाऊन त्यांना म्हणाले, "यंदा माझ्याकडे बसा. पाण्याला आमची विहीर आहे, चाऱ्याला टेकडी आहे."

ते आले. दोन तट्टांवर संसार, दोन कुत्री आणि बरीच मेंढरं. शेतात खुंट्या ठोकून त्यांनी दोरांचं जाळं ताणलं. त्याला ते वाघर म्हणत. संध्याकाळी मेंढरं त्या जाळ्याच्या आत जात. कुत्री गावातल्या गुरांच्या मागे लागतात अशी तक्रार आली, तेव्हा मामंजींनी ती बांधून ठेवायला सांगितली. धनगरानं ऐकलं.

धनगराची बायको पाण्याला आमच्या विहिरीवर यायची. माझ्याच वयाची होती, पण मला आक्का म्हणायची. तान्हं मूल पाठीशी बांधलेलं असे. विहिरीवर सोबतीला मीच असायचे, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. मला शेणी थापता येत नाहीत हे कळल्यावर ती इतकी हसली की पाठीवरचं मूल जागं झालं. मग हातातला हंडा खाली ठेवून तिनं मला थापायला शिकवलं. सासूबाई दारातून बघत होत्या. एरवी त्यांनी काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी काही न बोलता आत गेल्या.

पौषातली गोष्ट. सूर्य नुकताच टेकडीआड गेला होता आणि मी तुळशीपाशी दिवा लावत होते. शेताकडून आधी कुत्र्यांचं भुंकणं आलं आणि मागोमाग बाईची किंकाळी. मामंजी काठी घेऊन धावले. त्या वयात ते इतके पळू शकतील असं मला वाटलं नव्हतं. थोड्या वेळानं चारपाच माणसं धनगरणीला घोंगडीत घालून आमच्या ओटीवर घेऊन आली.

बिबळ्या जाळ्यावरून आत उडी मारून आला होता. त्यानं एका मेंढीची मान धरली. ही जवळच होती. हिनं मेंढीचे मागचे पाय धरले आणि सोडले नाहीत. बिबळ्यानं मेंढी टाकली आणि हिचा उजवा हात धरला. नवऱ्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाणलं तेव्हा तो सुटला. खांद्यापासून मनगटापर्यंत हात फाटला होता. सासूबाईंनी हळद भरली, जुनं लुगडं फाडून बांधलं. ती रडत नव्हती. "मेंढी हाय का गेली?" एवढंच विचारत होती. मेंढी गेलीच होती.

"हिला ठाण्याला न्यायला हवं," मामंजी म्हणाले. गडी घरी गेला होता. मामंजींनी स्वतः बैल जुंपले. बैलांच्या गळ्यातल्या जोत्याची गाठ त्यांना बसेना. पुन्हा पुन्हा सोडून बांधत होते. मला वाटलं, वय झालं, माणूस घाबरलाय.

धनगराला मेंढरं टाकून येता येईना. बिबळ्या परत आला असता. म्हणून मुलाला घेऊन तिच्याबरोबर मी निघाले. बैलगाडीनं शहाडवरून कल्याण आणि तिथून आगगाडीनं ठाणं. मोठ्या दवाखान्यात काही दिवस ठेवून घेतलं. मग एक दिवसाआड जखम धुवायला यावं लागेल म्हणाले. मी तिला आमच्या नौपाड्याच्या घरी नेलं.

आईला आधी जरा अवघड वाटलं. धनगरणीलाही वाटलं असणार. बंद खोलीत तिचा जीव गुदमरायचा, म्हणून आई तिचं अंथरूण पुढच्या व्हरांड्यात घालायची. नळाचं पाणी तिला बेचव लागायचं. पण दोघींचं सूत जुळलं ते मुलावरून. आई त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि ती डाव्या हातानं आईला लसूण सोलून द्यायची. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. हात राहील, पण पकड येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलाच्या अंगड्याचा बंद बांधायचा ती रोज प्रयत्न करी आणि मग माझ्याकडे बघी. मी बांधून देई.

आईला ती सारखी सांगायची, "मालकानं सोता बैलं जुपली. सख्ख्या बापानं क्येलं नसतं येवढं."

मधे एक दिवस कपडे आणायला मी आंबिवलीला गेले. दुपारी मोळीवाली आली. टेकडीपलीकडच्या पाड्यावरून ती आमच्याकडे लाकडं आणायची. मोळी टाकून तिनं विचारलं, "कशी हाय ती धनगरीण?"

मी सांगितलं.

"मी म्हाताऱ्याला सांगितलेला ना," ती म्हणाली. "आमच्या पाड्यावरना वाघानं शेळी नेली, मागारी कुतरा नेला. तवा धनगर आलं पन नव्हतं."

"कुणाला सांगितलंस?"

"तुमच्याच म्हाताऱ्याला. हितं, ओटीवर."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हनले, बरं."

ती पाणी पिऊन गेली. मी स्वयंपाकघरात आले तर सासूबाई चुलीपाशी बसून होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुला कळलं ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला एकटीला पेलवत नव्हतं."

"म्हणजे मामंजींना माहीत होतं?"

"त्यांना वाटलं, सांगितलं तर ते लोक नदीकाठीच बसतील. पाड्यावर आला म्हणून काही इकडे येईलच असं नाही, असं म्हणाले. मी म्हटलं होतं, सांगा. मग मीही गप्प बसले." त्यांनी चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे केलं. "तू काही बोलू नकोस. सांगून तिचा हात जागेवर येणार आहे का?"

त्या संध्याकाळी मी नौपाड्याला परतले. ती व्हरांड्यात वाट बघत होती. "माझी मेंढरं कशी हायती? मालक बरं हायती न्हवं?" मी म्हटलं, बरे आहेत. ती परत तेच म्हणाली, सख्ख्या बापानं केलं नसतं. मी मुलाला घेऊन आत गेले. त्यानंतरचे दिवस मला फार जड गेले. मुलाचा बंद बांधून देताना मी खाली मान घालून बांधायचे. तिला वाटलं असावं, मी दमले आहे. "आक्का, माज्यापायी तुमास्नी लय तरास," असं म्हणाली. आईनं मला एकदा विचारलं, बरं नाही का. आईलाही मी सांगितलं नाही. सासरची गोष्ट होती.

होळी जवळ आली तेव्हा आम्ही परत आलो. धनगर परतीच्या तयारीला लागला होता. बिबळ्यानं मधल्या काळात आणखी मेंढरं नेली होती. गावातल्या बंदूकवाल्यानं दोनतीनदा पाळत ठेवली, पण तो काही हाती लागला नाही. मामंजी रोज संध्याकाळी शेतात जाऊन धनगराच्या शेजारी शेकोटीपाशी बसत होते, असं सासूबाईंनी सांगितलं. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. गालफडं बसली होती.

निघायच्या आदल्या दिवशी नवराबायको आमच्या ओटीवर आली. धनगराच्या हातात नवं काळं घोंगडं होतं. "मालक, ह्ये तुमास्नी. आमच्याच लोकरीचं हाय." त्यानं ते मामंजींच्या पायाशी ठेवलं आणि दोघं पाया पडायला वाकली. तिनं डावा हात टेकवला.

मामंजी मागे सरकले. "थांबा," ते म्हणाले. "पाया पडू नका."

सासूबाई दारात उभ्या होत्या. "अहो," एवढंच म्हणाल्या.

"मला माहीत होतं," मामंजी म्हणाले. "टेकडीवर बिबळ्या आहे हे तुम्ही यायच्या आधीच माझ्या कानावर आलं होतं. पाड्यावरची जनावरं त्यानं नेली होती. मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात. आणि वर तुमची कुत्रीही मीच बांधायला लावली."

धनगर ताठ उभा राहिला. पोर तेवढं काहीतरी बडबडत होतं.

बोलली ती. आवाज चढवला नाही. "वाघ काय आमास्नी नवा हाय, मालक? घाटात वाघ, देशावर लांडगा. कंच्या साली मेंढरू जात न्हाई? आमी आलो असतो. जाळ्याभवती काटं टाकलं असतं. कुत्री सोडली असती. पोराला घिऊन मी कडंला बसले नसते. सांगायचं तेवडं हुतं."

मामंजींनी मान हलवली. आपण ज्या भीतीनं गप्प बसलो ती भीतीच खोटी होती, हे त्यांना त्या क्षणी कळलं असणार. ते हळूच खाली ओटीवर बसले.

घोंगडं परत न्या, असं सासूबाई म्हणाल्या. "दिल्यालं मागारी न्येत न्हाईत," धनगर म्हणाला, आणि बायकोला घेऊन निघून गेला. तिनं माझ्याकडे बघितलं, पण तिची नजर काय म्हणत होती ते मला ओळखता आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्या शेतात अमाप भात आलं. कापणीला आलेले लोक बांधावर उभे राहून बघत. कुणी मामंजींचं कौतुक केलं की ते तिथून निघून जात. दिवाळीनंतर ते रोज रस्त्याकडे डोळे लावून बसू लागले. धनगर आले नाहीत. शेवटी मामंजी स्वतःच शोधत गेले. शहाडच्या पुढे एका शेतात त्यांना धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, दिसला. धनगरानं बसायला घोंगडी अंथरली, पाणी दिलं, पीकपाणी विचारलं. मामंजींनी बोलावलं नाही आणि त्यानं येतो म्हटलं नाही. घरी आल्यावर मामंजी सासूबाईंना म्हणाले, "त्याचा राग मला चालला असता." त्यानंतर त्यांनी टेकडीखालच्या शेतात कुणाचीच मेंढरं बसवली नाहीत. बांधाचे तंटे घेऊन लोक येत राहिले, पण मामंजी त्यांना दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवायचे. लोकांना वाटलं, म्हातारपण आलं.

काही वर्षांनी ती मला एकदा कल्याणच्या बाजारात भेटली; माझी लहान मुलगी बरोबर होती. मामंजी तेव्हा हयात होते. तिच्या डोक्यावर पाटी होती आणि ती डाव्या हातानं सावरलेली होती. मला बघून तिनं लांबूनच हाक मारली. "आक्का! बऱ्या हायसा न्हवं? आई कशी हाय?" तिनं माझ्या मुलीला जवळ घेतलं, तिच्या गालावरून हात फिरवला. मग एकदम म्हणाली, "तुमच्यावर माजा राग न्हाई बरं का. तुमास्नी तरी काय ठावं!"

मी गप्प राहू शकले असते. पण तिनं मुलीला धरलं होतं, आणि मला ते सहन झालं नाही.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "तू नौपाड्याला होतीस ना, तेव्हा मी मधे घरी गेले होते. तेव्हा कळलं. परत आल्यावर तुला सांगितलं नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मंजी तवा, मी रोज मालकाचं गुणगान गात हुते तवा?"

"हो."

तिनं मुलीला अलगद माझ्याकडे सरकवलं. "घरची सून. कशी बोलनार तुमी," ती म्हणाली. तिचा आवाज कडू नव्हता, नुसता थकलेला होता. मग पाटी सावरली आणि जाते म्हणाली. येते म्हणाली नाही. मी तिथेच उभी राहिले. मुलगी विचारत होती, "आई, कोण होती गं ती?"

पुढे बरीच वर्षं ती हिवाळ्यात एकदा ठाण्याला आईकडे जायची. मूल मोठं झालं तसं त्यालाही बरोबर न्यायची. आई तिला जेवायला वाढायची, ती आईला लसूण सोलून द्यायची. मी माहेरी गेले की आई सांगायची, परवाच येऊन गेली, तुझी चौकशी करत होती. आंबिवलीपासून तिचा वाडा तासाभराच्या वाटेवर असायचा. आईनं एकदा तिला विचारलंही, आमच्या लेकीकडे जातेस की नाही. ती म्हणाली, वाट वाकडी पडते.

आईला ते खरं वाटलं. मी काही बोलले नाही.