मिरचीत हरवलेला फिल्टर

परवा नंदुरबारबाहेर वाळत्या मिरचीचा ठसका लागला आणि रनाळे गावातली एक दुपार डोळ्यांसमोर उभी राहिली.

माझा मित्र भटू फोटोग्राफर. लग्न जमत आलेलं, पण मुलीचे वडील म्हणायचे, "फोटो काढनं हाई काय काम शे?" म्हणून त्यांनाच त्यांच्या मिरची वाळवायच्या पथारीवर उभं करून कसब दाखवायचं ठरलं. फिल्टर एकच, तोही माझ्या मोठ्या लेन्सचा. अडॅप्टर रिंग लावून आम्ही तो भटूच्या लहान लेन्सवर चढवला. मिरचीवरची चमक घालवायला भटूने फिल्टर फिरवला, तो नेमका उलटा! रिंगसकट सगळं सुटून लाल ढिगात गडप.

भटूने कोपरापर्यंत हात खुपसले. शिंकांवर शिंका, डोळ्यांतून धारा! देठ खुडणाऱ्या बाया पदराआड हसत होत्या.  शेवटी मुलीचा म्हातारा बापच उकिडवा बसला, ढीग उपसला आणि फिल्टर काढून धोतराला पुसला.

तेव्हा मला वाटलं, मोडलं लग्न. आता वाटतं, फोटो निघाला नाही तेच बरं झालं.

"ल्या जवाई," फिल्टर भटूच्या पुढे करत म्हातारा म्हणाला, "आते डोयाले हात नका लावू."