जावेचं दुहेरी नाणं

धाकट्या जावेला नाणी बघायला मीच शिकवलं. स्वतःच्या हातानं. त्याचा मला अजून राग येतो.

मंचरला आमचं किराणा दुकान आहे. भीमाशंकरला प्रसादाची दुकानं लावणारे लोक साखर, खडीसाखर आमच्याकडूनच नेतात आणि श्रावण सरला की साठलेली चिल्लर पोत्यानं आणून देतात. ती निवडायचं काम लग्न झाल्यापासून माझ्याकडे आहे. दुपारी दुकान बंद केलं की मी भिंग घेऊन बसते. मला एकच हवं असतं, अक्षरं खरोखर दुहेरी असलेलं एक नाणं. माझ्या हाताला लागलेलं, माझं.

नुसती दुहेरी दिसणारी नाणी ढिगानं मिळतात. ठसा चांगला असतो, पण यंत्रात सैल बसलेला असतो. नाणं छापताना तो जरा सरकतो आणि अक्षराची कड चेपते. मग अक्षराशेजारी एक सपाट पायरी दिसते आणि मूळ अक्षर तेवढंच बारीक होतं. त्याला कुणी विचारत नाही. अस्सल दुहेरी नाण्यात ठसाच दुहेरी तयार झालेला असतो. त्यात दुसरं अक्षरही पहिल्यासारखंच गोल आणि उंच उठतं, अक्षर जाड होतं आणि टोकाला बारीक खाच पडते. शिवाय त्या ठशाचं प्रत्येक नाणं हुबेहूब तसंच निघतं. एवढं सगळं मी जावेला समजावून सांगितलं. घरात माझ्या छंदाचं कौतुक करणारं कुणीतरी असावं, एवढाच माझा हेतू होता.

ती निमगाव सावाची. तिथंही त्यांचं दुकानच आहे, पण बोलणं सगळं गावासारखं. पहिल्या वर्षी ती नुसती शेजारी बसायची. दुसऱ्या वर्षी तिनं दोन रुपयांचं एक नाणं माझ्यापुढं धरलं. 'भारत'मधला 'भ' दुहेरी होता. मी भिंग लावलं आणि मनात म्हटलं, सपाट असू दे. सपाट नव्हता. चांगला गोल, ठसठशीत, टोकाला खाच. एवढी वर्षं मी डोळे फोडले आणि हिला बसल्या जागी मिळालं.

सासूबाई विचारायला लागल्या, खरं आहे का? आमच्या घरात नाण्यांच्या बाबतीत माझाच शब्द चालतो. मी चष्मा पुसत म्हटलं, एकट्या नाण्यावरून खात्री देता येत नाही. त्याच ठशाचं दुसरं मिळालं तर म्हणू. हे खोटं नव्हतं. पण दुसरं मिळणं किती अवघड, हे मला पक्कं माहीत होतं आणि मला जरा बरंही वाटलं.

ती गप्प बसली नाही. उरलेलं पोतं तिनं पालथं घातलं. ते संपल्यावर, मी सपाट म्हणून बाजूला टाकलेली नाणी घेतली. त्यातल्या पुष्कळ नाण्यांवर कुंकू चिकटून वाळलेलं असतं. देवाच्या दारातून आलेलं कुंकू घासायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक. मी तो कधी मोडला नाही, कुंकवासकटच बघत आले. जावेनं सरळ घमेल्यात साबणाचं पाणी केलं आणि सगळी नाणी त्यात टाकली. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी चकार शब्द काढला नाही. हेच मी केलं असतं तर?

संध्याकाळच्या आत ती आधीचं आणि एक नवं, अशी दोन नाणी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तोच 'भ', तीच खाच, त्याच जागी. "जाऊबाई, ह्ये तुमी टाकलेल्यातच व्हतं," ती म्हणाली. "खाचंत कुंकू भरलं व्हतं, म्हणून सपाट दिसत व्हतं. धुतल्यावर लई चांगलं निघालं बघा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी भांडून मोकळी झाले असते. ते नाणं माझ्या हातात आलं होतं आणि मीच ते फेकलं होतं. मला तिचा इतका हेवा वाटला, की तिच्या तरण्या डोळ्यांचाही वाटला. दोन्ही अस्सल आहेत, असं मला सासूबाईंसमोर म्हणावं लागलं.

मग तिनं दुसरं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. "ह्ये तुमी ठेवा."

मला ते हवं होतं. आमच्यात एकदा नको म्हणायचं असतं, मग समोरचा आग्रह करतो, मग घ्यायचं. साडी असो नाहीतर शेवटची पुरणपोळी, असंच चालतं. मी हसून म्हटलं, "असू दे गं, तुलाच सापडलंय."

"बरं," ती म्हणाली आणि दोन्ही घेऊन आत गेली.