सालाचा स्टॉपर

मुखेडच्या धान्याच्या मोंढ्यात नरसिंगला मापाडी म्हणून फारसं कोणी ओळखत नसे. काट्यावर पोतं चढवताना शेतकरी आपल्या पोराला कोपरानं ढोसून सांगत, "ह्यो बघ, अप्पाचा स्टॉपर." पोरगं वर बघायचं आणि बहुधा हिरमुसायचं. उंची बेताची, कपाळावर टाक्यांची जुनी खूण, चालताना डावा गुडघा थोडा बाहेर टाकायची सवय. हा माणूस गोलापुढं उभा राहिला की भल्याभल्यांना पलीकडं जाऊ देत नाही, हे मैदानावर पाहिल्याशिवाय पटण्यासारखं नव्हतं.

गावात फुटबॉल आला तो बसलिंगप्पांमुळं. अप्पांची मोंढ्यात मोठी आडत. त्यांचा मुलगा हैदराबादला शिकत होता, तो एका सुटीत चेंडू घेऊन आला. मुलगा पुढं परदेशी गेला. चेंडू गावात राहिला आणि म्हातारपणी अप्पांना त्याचा नाद लागला. नांदेड, उदगीर, अहमदपूर, निजामाबाद, जिथं स्पर्धा असेल तिथं त्यांचा संघ टेम्पोत बसून जाऊ लागला. पण जरा बरा खेळणारा पोरगा एक हंगाम खेळे आणि कोणी चार पैसे जास्त दाखवले की तिकडं जाई. अप्पा पडले व्यापारी. त्यांनी शेतातली रीत मैदानावर आणली. खेळाडू सालानं ठेवायचे, सालगड्यासारखे. गुढीपाडव्याला साल ठरायचं, थोडी उचल मिळायची, अप्पांच्या घरी पुरणाचं जेवण व्हायचं आणि शेवटी टॉवेल-टोपी. कागद नाही, सही नाही. पाडव्याचं ताट खाल्लं की पुढच्या पाडव्यापर्यंत तो खेळाडू अप्पांचा.

पाडवा जवळ आला की बाकीचे खेळाडू गावातून फुगून फिरत. गोलकीपर हनुमंत तर फोन कानाला लावून, उदगीरच्या कुणाशी बोलल्यासारखं करत, अप्पांच्या दुकानापुढून मुद्दाम दोन-दोनदा जाई.

"फोनमधी चार्जिंग तरी हाय का?" नरसिंग विचारी.

"न्हाई. पर अप्पाला कुठं दिसून राहिलंय?"

आणि हनुमंतचं साल दरवर्षी थोडं वाढेही. नरसिंगनं कधी साल बोललंच नाही. "तुमाला वाटंल ते द्या, अप्पा," एवढंच त्याचं बोलणं. त्यावर अप्पा चारचौघांत त्याच्या पाठीवर हात ठेवत. "ह्यो खेळाडू न्हाई. ह्यो घरचा माणूस." त्या शब्दांवर नरसिंग वर्ष काढी.

त्याचा बाप व्यंकट जन्मभर सालगडी होता. एका मालकानं भर खळ्यात त्याला चाबकानं मारलं, तरी त्यानं साल पुरं केलं आणि मगच ते घर सोडलं. "ताट खाल्लं की वरीस त्याचं," असं तो म्हणे. बापामागं नरसिंगला जमीन राहिली नाही, हे बोलणं तेवढं राहिलं.

त्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी अहमदपूरला लातूरशी अंतिम सामना होता. लातूरचा संघ एका शिक्षण संस्थेचा, खेळाडू सगळे पगारी. पण त्यांच्या पुढच्या फळीला नरसिंग काही ओलांडता आला नाही. मुखेडनं चषक घेतला. बाकीची पोरं टेम्पोवर नाचत असताना लातूरचे प्रशिक्षक महांतेश सर नरसिंगला बाजूच्या चहाच्या गाड्यावर घेऊन गेले.

"वय काय आता?"

"पस्तिशी आली असंल, सर."

"म्हणजे अजून दोन वर्षं. गुडघा बघता तेवढीही नाही." सरांना गोड बोलायची सवय नव्हती. "मग पुढं?"

नरसिंग कपातला चहा हलवत राहिला.

"संस्थेच्या वसतिगृहावर शिपायाची जागा आहे. दर महिन्याला पगार, पीएफ, राहायला दोन खोल्या. खेळणं थांबलं तरी नोकरी राहणार, तेवढं मी संस्थेकडून कबूल करून घेतलंय. मुलगी तिथल्याच शाळेत जाईल. उद्या संध्याकाळपर्यंत हो म्हणा. नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल मला."

घरी आल्यावर त्यानं हे बायकोला सांगितलं. अयोध्या ज्वारीच्या काढणीवरून नुकतीच आली होती, अंगावरची कुसं झाडत होती. ती झाडायची थांबली.

"दोन खोल्या? पक्क्या?"

"पक्क्या."

"नळ?"

"ते म्या इचारलं न्हाई."

"इचारलं न्हाई! फुटबॉल सोडून काही इचारता येतं का तुमाला?" ती म्हणाली, पण ती हसत होती. असं हसताना त्यानं तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मुलगी साक्षी दारात बसून दप्तराचा तुटलेला बंद सुतळीनं बांधत होती. तिला जवळ ओढून अयोध्या म्हणाली, "लातूरला जायचं बाई आता." मग लगेच नवऱ्याकडं वळली. "सकाळी अप्पाच्या घरी जाऊ नका. ताप आला म्हणून निरोप धाडते म्या."

"तोंडानं सांगितल्याबिगर कसं जावं? चोरावाणी?"

"मग सांगा अन् या. दारातूनच. तुमी बसले म्हंजी जेवलेच."

"न्हाई बसत."

सकाळी अप्पांच्या बंगल्यावर गुढी उभी होती. पोर्चमध्ये पंगत मांडलेली. तीन अनोळखी पोरं भिंतीला टेकून मोबाइल बघत होती. अप्पा पूजेला बसले होते. त्यांच्या पत्नी साखराबाई, सगळे त्यांना अक्का म्हणत, हातात तुपाची वाटी घेऊनच बाहेर आल्या.

"ये, नरसिंगा. बस."

"अक्का, म्या अप्पाला भेटायला आलतो. दोन शब्द बोलायचे हायेत."

"बोलशील की. आधी बस. पोरं खोळंबलीत. तुझ्याबिगर पंगत कवा सुरू झाली का?"

ते खरं होतं. संघाचा कप्तान नरसिंगच. कप्तानानं पहिला घास घ्यायचा आणि मग इतरांनी, अशी तिथली चाल होती. उभं राहावं तर सगळे ताटकळणार. बसणं म्हणजे काही जेवणं नाही, असं मनाशी म्हणत तो पाटावर बसला. अक्कांनी तळहातावर कडुलिंबाची चटणी ठेवली, ताटात पोळी वाढली, तिच्यावर तुपाची धार सोडली. हनुमंत शेजारून म्हणाला, "खा की बा. ताट न्याहाळून पोट भरत असतंय का?" सगळी पंगत त्याच्या हाताकडं बघत होती. अक्का समोर उभ्या होत्या. सणाच्या दिवशी वाढलेल्या ताटावरून उठावं, असं त्याच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं. त्यानं पोळी मोडली.

पुरण गोड लागलं की नाही हे त्याला कळलंच नाही. हात धुऊन तो फाटकापाशी गेला आणि महांतेश सरांना फोन लावला. पुढं काय होणार होतं त्याची त्याला कल्पना नव्हती. असती तर तो थोडा थांबला असता. पण एकदा ठरलं की समोरच्याला टांगून ठेवू नये, हेही त्याला वाटत होतंच.

"सर, माझं जमत न्हाई."

"का? अप्पांनी वाढवून दिले का? आकडा सांगा मला."

"तसं न्हाई, सर. म्या जेवलो."

लातूरकडच्या माणसाला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. "अहो, तुम्ही काय सालगडी आहात?"

"पुढल्या पाडव्याला आलो तर..."

"पुढच्या पाडव्याला जागा नसेल, नरसिंग."

तो पोर्चमध्ये परतला तेव्हा टॉवेल-टोप्या सुरू झाल्या होत्या. हनुमंतला मिळाली. मग इतरांना. मग त्या तीन नव्या पोरांना. ती हैदराबादहून आणली होती. त्यांतला उंच, रुंद खांद्यांचा पोरगा स्टॉपर आहे, असं अप्पांनी सांगितलं. त्याच्या ताटात अर्धी पोळी तशीच पडली होती. नरसिंगचं नाव सगळ्यांत शेवटी आलं. अप्पांच्या हातात टोपी नव्हती. शाल होती आणि नारळ.

"आपल्या नरसिंगानं संघासाठी लई केलं," अप्पा शाल घालत म्हणाले. "गुडघा फुटला तरी हटला न्हाई. आता त्याला इश्रांती. मोंढ्यात काट्यावर तर हायेच तो आपल्याकडं. सांजच्याला पोरांवर नजर ठेवंल, मैदानाचं बघंल. वाजवा टाळ्या."

टाळ्या वाजल्या. नरसिंगनं खाली वाकून अप्पांच्या पायाला हात लावला, कारण हात आपोआप तिकडंच गेले. सरळ झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "मग मला ताट कामून वाढलं, अप्पा?"

अप्पांना खरोखरच नवल वाटल्यासारखं दिसलं. "अरे, सणाच्या दिवशी दारी आलेल्याला उपाशी धाडू का? येडा का काय?"

फाटकाबाहेर हनुमंतनं त्याला गाठलं. आज त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

"अप्पाला कालच कळलं हुतं. तू सरासंगं चहा पिऊन राहिलास ते टेम्पोवाल्यानं बघितलं. लातूरला गेलास तर आपल्यालाच नडशील, म्हणून अक्काला सांगून बसवलं तुला."

"गप."

"जेवू घालून लातूरचा दरवाजा लावला अन् शाल घालून इथला."

"गप म्हणलं ना, हनम्या." शाल घडी करून काखेत मारत तो घराकडं निघाला. उन्हात रस्त्यावर कोणी नव्हतं.

अयोध्यानं शाल पाहिली आणि तिला वाटलं, निरोप घेऊन आले. सगळं ऐकल्यावर ती चुलीपुढं बसून राहिली. मग उठून त्याचा फोन त्याच्या हातात दिला.

"लावा सरांना. सांज व्हायची हाय अजून."

"न्हाई."

"अप्पानं सोडलं ना तुमाला?"

"त्यांनी सोडलं. म्या कुठं सोडलं? म्या ताट खाल्लंय."

"अहो, ताट ते साल ठरलेल्याचं असतंय. तुमचं ठरलं काय? तुमाला भिक्षा वाढली त्यांनी."

ती खूप बोलली. त्याचा बाप, अप्पा, अक्का, कोणालाच तिनं सोडलं नाही. शेवटी म्हणाली, "पोरीचं तोंड बघून तरी लावा." त्यानं फोन हातात धरला. तो नंबर काढून बसला आणि सांज तशीच होऊन गेली. बापाला आपण काय तोंड दाखवणार, असलं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. बाप जाऊन कैक वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी अयोध्यानं स्वतःच सरांना फोन केला. खेळाडूची जागा उदगीरच्या एका पोराला गेली होती. सर तिच्याशी मात्र नीट बोलले. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एक बाई हवी होती, बरोबर एक खोली. तिनं विचारलं, "नळ हाय का?" सर हो म्हणाले, तसं तिनं येते म्हणून सांगून टाकलं. शाळा उघडायच्या आधी ती साक्षीला घेऊन लातूरला गेली. नवऱ्याला चल म्हणून तिनं पुन्हा विचारलं नाही. तोही अडवायला गेला नाही. भांडीकुंडी बांधताना दोर मात्र त्यानंच आवळून दिला.

नरसिंगनं ते साल पाळलं. सकाळी मोंढ्यात काटा, सांजेला मैदान. फक्कीनं रेषा मारायच्या, जाळी बांधायची, पोरांच्या पायाला बर्फ लावायचा. अप्पांनी या कामाचं वेगळं काही ठरवलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नाही. गुडघा दुखेना झाला होता, त्याचंच त्याला वाईट वाटे. गणपतीच्या सुमारास हैदराबादचा तो उंच स्टॉपर दुसऱ्या एका पोराला घेऊन निजामाबादच्या संघात निघून गेला. जाताना उचलही परत केली नाही. आता अप्पा चिडतील, ताटाची आठवण काढतील, असं नरसिंगला वाटलं. अप्पा पान जमवत हसले. "आजकालची पोरं हीच. चलती का नाम गाडी." आणि त्यांनी फोनवरूनच दुसरे दोघे मागवले. नरसिंगला मैदानात उतर म्हणून कोणी म्हणालं नाही. त्या दिवशी त्यानं पेनल्टीची रेषा वाकडी मारली, पुसली आणि परत मारली.

अयोध्याचा फोन रविवारी येई. साक्षी शाळेतलं सांगे. अयोध्या तिथल्या पोरांच्या खाण्याचं सांगे, उदगीरच्या पोराचं सांगे. तो बरा खेळतो; पण हेडरला भितो, असं सर म्हणतात. थंडीच्या दिवसांत एका रविवारी तिचा आवाज निराळा आला.

"वसतिगृहाचा वॉचमन काम सोडून राहिला. सर म्हणले, नरसिंगला इचारा. एक तारखेपासनं यायचं. खेळायचं न्हाई, नुसतं गेटवर बसायचं."

"अप्पाकडलं साल..."

"कोणतं साल?" ती ओरडली नाही. "अहो, कुणाला ठावं बी न्हाई तुमचं साल. अप्पाला तरी ठावं हाय का? जाऊन इचारा एकदा."

हे त्यानं केलं नव्हतं हे खरं. विचारायला गेलो आणि अप्पा हसले तर, या भीतीनं तो गेला नव्हता.

"पाडवा होऊ दे," तो म्हणाला. "दोन-तीन महिन्यांचा तर सवाल हाय."

"तवर सर दुसरा माणूस बघतील."

"बघू दे."

तिनं फोन ठेवला नाही. त्यानंही ठेवला नाही. पलीकडं वसतिगृहातली पोरं कसल्यातरी खेळावरून कालवा करत होती, मधेच साक्षीचा आवाज आल्यासारखा वाटला. नरसिंगनं फोन कानाशी घट्ट धरला. बराच वेळ तो नुसता तो कालवा ऐकत राहिला. मग तिकडून कोणीतरी "मावशी" म्हणून हाक मारली आणि फोन बंद झाला.