कुशाबाईंच्या दुधाचं नाव

शेळगावच्या डेअरीत त्या सकाळी एकशे बारा जणांनी दूध घातलं आणि भोंग्यानं एकशे बारा वेळा एकच नाव पुकारलं. "दत्तोबा शिंगाडे, सहा लिटर. दत्तोबा शिंगाडे, साडेतीन लिटर." पहिल्या चार-पाच जणांना गंमत वाटली. रंगूबाईनं तर किटली खाली ठेवून मशीनलाच झापलं, "आरं मुडद्या, मी बाई हाय!" मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की दत्तोबाला जाऊन आज चौदावा दिवस. रांगेत त्याची बायको कुशाबाई किटली धरून उभी होती. पुढं कुणी हसलं नाही.

हा पराक्रम बारामतीच्या स्वानंदचा. डेअरीच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम त्यानंच लिहिला होता आणि आदल्या दिवशी त्यात थोडी 'सुधारणा' केली होती. आता दुपारी तो दादासो सेक्रेटरींसमोर बसून गुन्हा कबूल करत होता.

"प्रोग्रॅममधल्या प्रत्येक सभासदाला स्वतःची ओळख सांगायची एक जन्मजात सवय असते," तो म्हणाला. "पण ती अगदीच कोरडी. विचारलं तर 'मी एक वस्तू' एवढंच सांगतो. म्हणून ती सवय मोडून मी प्रत्येकाच्या आत माझी नवी घातली, की नाव आणि लिटर सांग."

"मग बिघडलं कुठं?"

"नाव म्हणजे ह्याच सभासदाचं नाव, हे लिहायला विसरलो. मग प्रोग्रॅम सभासदाकडे बघतच नाही; ते त्या सवयीच्याच घरात शोधतो, नाही मिळालं की अंगणात, तिथंही नाही तर गावाच्या चावडीवर. चावडीवर मी तपासणीपुरतं एक नाव लिहून ठेवलं होतं, पुसायचं राहिलं. एक नंबरचे सभासद म्हणून दत्तोबांचं. ते गेलेत हे मला माहीत नव्हतं."

"घरचं सोडून चावडीवर जायची सवय आमच्या गावात माणसांना हाय, मशीनला कशाला लावली?" दादासो म्हणाले. "बरं, नीट करा. आन् करताय तर दत्तोबाचं खातंबी रावजीच्या नावावर टाका. दीर हाय कुशाबाईचा."

"दूध कोण घालतं?"

"तीच की."

"मग त्यांना विचारून येतो," म्हणून स्वानंद उठला. संध्याकाळच्या दुधाआधी नाव ठरायला हवं होतं.

कुशाबाई मोरगावकडची. माहेरी शेरडं, म्हशीच्या अंगाला हात लावला तो लग्नानंतर. पहिल्या महिन्यात दोनदा लाथ खाल्ली, तिसऱ्यांदा म्हशीनंच नाद सोडला. दत्तोबा माणूस वाईट नव्हता. डेअरीचा पहिला सभासद म्हणून सभेत पुढच्या खुर्चीवर बसायचा आणि म्हशींची माहिती विचारली की "घरी विचारून सांगतो" म्हणायचा. तो गेला त्या संध्याकाळीही धारा तिनंच काढल्या. रडायला आलेल्या बायकांना वैरणीची पेंढी सरकवून बसायला जागा करून दिली. स्वतः रडली नाही. का, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

स्वानंद गोठ्यात शिरला तेव्हा ती शेण भरत होती. त्यानं आपण कोण ते सांगितलं. तिनं पाटी उचलली, टाकून आली, दुसरी भरायला लागली.

"मावशी, खातं कुणाच्या नावावर करू? सेक्रेटरी रावजींचं म्हणतात."

"रावजी धार काढायला येणार हाय का?"

"नाही."

"मग माझं टाका."

त्यानं मोबाईल काढला. "पूर्ण नाव सांगा."

ती पाटीत शेण दाबत राहिली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, आणि सकाळी ते एकशे बारा वेळा ऐकलं होतं.

"निस्तं कुशाबाई टाका," ती म्हणाली. चेहऱ्यावर काही नाही. म्हशीचाही चेहरा जास्त बोलका होता.

स्वानंदनं तेवढंच टाकलं. जायला वळला, पण पाय निघेना.

"मावशी, माझ्या चुकीनं आज सगळ्या गावाच्या दुधाला त्यांचं नाव लागलं. वाईट वाटलं असेल तुम्हाला."

कुशाबाईनं पाटी डोक्यावर घेतली.

"माझ्या दुधाला एकवीस वरसं लागतंय."