साखराबाईची बिनमाइकची सभा

माझा मंडप-स्पीकरचा धंदा आहे. आष्टीकडे सभा कुणाचीही असो, वायर माझी. त्यामुळे सभांच्या जाती मला तोंडपाठ आहेत. भाषणाला एक माइक लागतो आणि तो पुढाऱ्याच्या हातून सुटत नाही. परिसंवादाला चार लागतात, चारही टेबलावर. खाली बसलेल्यांना एकही नाही, तरी नाव परिसंवाद! ग्रामसभेत म्हणे सगळ्यांनी बोलायचं असतं, पण तिथंही खाली माइक फिरवायला मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. माझं डोकं फिरतं ते इथंच.

आमच्या गावच्या साखराबाईनं हे सगळं भोगलंय. बाई धनगराची, नवरा गेल्यापासून मेंढरं एकटीनं सांभाळते. ती मेंढरं जगतात डोंगराकडच्या गायरानावर. ते गायरान सौरऊर्जेच्या एका कंपनीला द्यायचं सरपंच अर्जुनरावांनी मनावर घेतलं. मग चारा कुठून आणायचा, एवढं एकच साखराबाईला विचारायचं होतं.

आधी तिला तालुक्याला पशुपालकांच्या परिसंवादाला नेलं. स्टेजवर बसवून शाल-नारळ दिला. मग एका साहेबांनी तिच्यादेखत तिचंच दुःख रंगवून रंगवून सांगितलं. ही नारळ मांडीवर धरून ऐकतेय. शेवटी ती बोलायला उठली, तर सूत्रसंचालक म्हणाला, वेळ संपली. येताना टेम्पोत मला म्हणाली, माझ्यावर लई बोलले, मला कुणी विचारलं न्हाई.

मग ग्रामसभा आली. साखराबाईनं सुरुवातीलाच हात वर केला. अर्जुनराव गोड हसले, म्हणाले, मावशी, प्रश्न शेवटी घेऊ. स्वागत झालं, सत्कार झाले, कंपनीच्या माणसानं भाषण ठोकलं, ठराव वाचला, आभार मानले. एक हात दुखला की ती दुसरा वर करायची. आभार संपले आणि श्वास घ्यायच्या आत राष्ट्रगीत सुरू केलं. राष्ट्रगीताला बसून कोण राहील? सगळे उठले. साखराबाईही काठी सरळ धरून उभी राहिली. तेवढ्यात अर्जुनरावांच्या पोरानं, अंगदनं, फोटो काढला. राष्ट्रगीत संपलं आणि सभाही संपली.

दुसऱ्या दिवशी तो फोटो गावच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलेलं, गायरानाच्या ठरावाला गावकऱ्यांचा उभे राहून एकमुखी पाठिंबा. सगळ्यांत पुढे साखराबाई. मी तिला ते वाचून दाखवलं. हलकटपणालाही काही हद्द असते की नाही? ती मात्र सावकाश बोलली.

"देशासाठी उभी राहिलते मी. ह्यांनी ते बी इकून खाल्लं."

मग तिनं गायरानातच सभा बोलावली. मी स्पीकर फुकट देतो म्हणालो, तर मलाच झापलं. तिच्या माणसांत चराईवरून भांडण झालं की सगळे गोल करून मातीत बसतात. ज्याचं नुकसान तो आधी बोलतो, वजनदार माणूस शेवटी. तिथं माइकचं काय काम?

सगळं गाव लोटलंय म्हटल्यावर अर्जुनरावही आले. मागून मोबाइल घेऊन अंगद आणि खुर्ची घेऊन त्यांचा ड्रायव्हर प्रविण. गोलात खुर्चीला कुणी जागा केली नाही, तेव्हा नाइलाजानं खाली टेकले आणि सवयीनं घसा खाकरून प्रास्ताविक सुरू केलं.

"अर्जुनराव, हितं ज्याचं जातंय त्यो आदी बोलतो," साखराबाई म्हणाली. "तुमचं काय जातंय ते सांगा. न्हाईतर शेवटी बोला."

अर्जुनरावांनी प्रास्ताविक आवरतं घेतलं. मेंढपाळ म्हाळू बोलला, अर्जुनरावांची सख्खी चुलती केशरबाईसुद्धा आपल्या शेळ्यांबद्दल बोलली. मधे कुणी टाळी वाजवली नाही, कुणी वेळ संपली म्हणालं नाही. सगळ्यांचं झाल्यावर साखराबाईनं अर्जुनरावांना विचारलं, चारा कुठून आणायचा? केव्हाचा अडवून ठेवलेला प्रश्न एकदाचा बाहेर पडला. गायरान राहील की जाईल, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. असल्या सभेला कायद्यात किंमत नाही, असं म्हणून अर्जुनराव पँट झटकत उठले.

एरवी ते उठले की गाव उठतं. त्या दिवशी एक माणूस हलला नाही.

साखराबाईनं अंगदकडं बघितलं.

"आता काढ की फोटू," ती म्हणाली. "कोण कोण उभं हाय, दिसू दे गावाला."