वारा फिरायच्या आत

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे सांगायला मी लाजत नाही. पण त्या सकाळी सड्यावर, गावावरच्या कातळमाळावर, उभी होते तेव्हा पदवी विसरून नुसती वारा बघत होते.

गावच्या गायरानात आम्ही दहा-बारा जणांनी पावसाळ्यात ऐन, किंजळ, जांभळाची रोपं लावली. पाणी घालून जगवली. आता गवत वाळलं होतं. रस्त्यावरून कुणी विडी टाकली की संपलं. म्हणून रस्ता आणि रोपं यांच्यामधला गवताचा पट्टा आपणच आधी जाळून टाकायचा. सकाळी वारा समुद्राकडे जातो, जाळ रस्त्यावर येऊन विझतो. उन्हं तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो. मग तोच जाळ रोपांवर.

पण गाऱ्हाणं घातल्याशिवाय, म्हणजे ग्रामदेवाला साकडं घातल्याशिवाय, आमच्याकडे काडी पेटत नाही. तो मान गावकाराचा; आमचे गावकार म्हणजे वाडीतले एक आजोबा, नारळ धरून उभे. "बा म्हाराजा, ह्या पोरांच्या हातास यश दे."

"व्हय म्हाराजा!"

प्रत्येक मागण्याला सगळ्यांचा असा एकसुरात होकार. मग कुणाच्या आंब्याचा मोहर, कुणाच्या मुलीचं लग्न. कुणीतरी मुंबईतल्या भावाला व्हिडिओ कॉल लावला, त्याचीही नोकरी देवाच्या कानावर घातली. मी काजूच्या पानांकडे बघत होते. ती स्तब्ध झाली होती, म्हणजे सकाळचा वारा पडला होता. गाऱ्हाणं मध्येच तोडायची कुणाची छाती? शेवटी मीच ओरडले, "आणि म्हाराजा, वारा फिरायच्या आत पट्टा जळू दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे सवयीने बोलून गेले.

आजोबांनी डोळे वटारले. "काय गो, कॉलेजात हीच घाई शिकवलानी?" पण नारळ फोडला, आणि आम्ही काडी लावली.

पट्टा जवळजवळ जळून संपत आला होता आणि गालाला दमट झुळूक लागली. जाळ रोपांकडे वळला. "डहाळ्या घ्या!" आई ओरडली. ओल्या डहाळ्यांनी आम्ही आग झोडपत राहिलो. कडेची चार-पाच जांभळं होरपळली, बाकीची वाचली.

"उरलेला उद्या उजाडताच," आजोबा धापा टाकत म्हणाले. "नि गाऱ्हाणा आजचाच चालेल."

सगळे हसत उतरले. मला हसू येईना. जळलेल्या पट्ट्यात गुरांचं वाळलेलं शेण पडलेलं, ते आतून तासन् तास धुमसत राहतं; वाऱ्याने एक ठिणगी उडाली की रोपं गेली. आई आणि मी कळशी घेऊन शेणाचा एकेक गोळा काठीने उलटत होतो, पाणी ओतत होतो. वारा वाढतच होता.