रेकॉर्डमध्ये न मावलेलं कडवं

दिनानाथ टोकेकर इंदूरच्या एका कापड मिलमध्ये टाइमकीपर होता, पण शहराला त्याची ओळख होती ती विहिणीच्या गाण्यांमुळे. लग्नात वरमाईची पंगत बसली, पाटाभोवती रांगोळी आणि पुढ्यात चांदीचं ताट आलं, की मुलीकडच्या बायकांनी तिची थट्टा करणारी गाणी म्हणायची, ही आपली जुनी रीत. दिनानाथ ही गाणी स्वतः रचायचा आणि उपरणं पदरासारखं डोक्यावर घेऊन, चांगला मिशीवाला गडी, बायकांच्या घोळक्यात बसून म्हणायचा. लोक पहिली ओळ यायच्या आधीच हसत.

चाल एकच. दर लग्नाला विहिणीचं नाव बदलायचं आणि खोड बदलायची. कोणी तपकीर ओढते, कोणी घोरते, हे त्याला शेजारणींकडून आधी कळलेलं असे. शेवटी एक साधं कडवं असे, हात जोडायचं. त्यात हशा नव्हता, म्हणून दिनानाथ ते पळवायचा. तोवर लोक ताकाकडे वळलेले असत.

एक्कावन्न साली गणपतीत त्याचा कार्यक्रम ऐकून मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं त्याला बोलावलं. दिनानाथ रजा टाकून गेला. बंद खोलीत उभा राहिला आणि पार भांबावला. हसायला कोणी नाही, पाटावर विहीण नाही, समोर नुसता मायक्रोफोन! काचेपलीकडच्या साहेबानं विचारलं, "विहीण का नाम क्या है?" आता काय सांगणार? तोंडाला आलं ते त्यानं ठोकून दिलं, "भानुमती." हल्ली असलं नाव कोणाचं असतं, असं त्याला वाटलं.

*विहीणबाई भानुमती पाटावरती बसली,*
*पाट म्हणाला, देवा रे, माझी कंबर खचली!*

"तीन मिनट से ऊपर जा रहा है," साहेब म्हणाला. "आखरी वाला निकाल दो." दिनानाथनं हात जोडायचं कडवं आनंदानं काढून टाकलं.

रेकॉर्ड अशी चालली की विचारू नका. सियागंजातले मारवाडी दुकानदारसुद्धा "भानुमती पाटावरती" गुणगुणू लागले. लग्नातल्या लाउडस्पीकरवर तीच रेकॉर्ड. पुढं पुढं दिनानाथ समोर बसलेला असला तरी लोक म्हणत, "भिया, रेकॉर्डवालंच म्हण!" मग कुसुमबाई असो की गोदूबाई, पाटावर बसेल ती भानुमती. जिथं रेकॉर्ड संपे तिथं लोक टाळ्या वाजवत, आणि दिनानाथही तिथंच थांबे. शेवटचं कडवं म्हणून काही होतं, हे तो विसरूनच गेला.

चोपन्न साली त्याच्या मुलीला, उषाला, स्थळ आलं. इंदूरजवळच्या बेटम्याचे सरमंडळ. वडील अप्पासाहेब, होळकर सरकारच्या नोकरीतले जुने अधिकारी, मुलगा शरद शाळेत मास्तर. मुलाला मुलगी आवडली, मुलीला मुलगा. शांताबाईनं, म्हणजे दिनानाथच्या बायकोनं, देवापुढं साखर ठेवली. मग साखरपुड्याच्या पत्रिकेचा मजकूर आला आणि दिनानाथनं तो तीनदा वाचला. वरमाई, सौ. भानुमती.

"अहो, असं काय करून राहिले?" शांताबाई म्हणाली. "नावासारखं नाव नसतं का?"

नाव असतं, पण ती बाई पाटालाही झेपेल न झेपेल अशी भरभक्कम निघाली तर काय करायचं? साखरपुड्याला भानुमतीबाई आल्या, त्या अगदी गाण्यातल्यासारख्याच भरभक्कम. त्यांनी उषाची ओटी भरली, जाताना दिनानाथकडे टक लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "आवाज ओळखला मी तुमचा." ना हसू, ना राग.

या चार शब्दांनी त्याची चार महिन्यांची झोप उडवली. म्हणजे काय? कौतुक की धमकी? गेली तीन वर्षं साऱ्या बेटम्यानं या बाईला किती छळलं असेल! आणि त्याची भरपाई उषाकडून करून घेतली तर? त्याची उषा इतकी भिडस्त, की आजोळीसुद्धा दुसरी पोळी मागायची नाही. आपण जगाला हसवलं आणि पोरीचा संसार पणाला लावला, असं त्याला मनापासून वाटू लागलं. त्यानं घरातली रेकॉर्ड गव्हाच्या कोठीत लपवली. लाउडस्पीकरवाल्याला बजावलं, "सब बजाओ, वो मत बजाना." घरच्या बायकांना ताकीद दिली, या लग्नात विहिणीचं गाणं म्हणायचं नाही, बिलकुल नाही.

लग्न लागलं. वरमाईची पंगत बसली. भानुमतीबाई पाटावर बसल्या. वाढप झालं, तूप पडलं, उदबत्त्या लागल्या. भानुमतीबाईंनी हात मांडीवर ठेवला, तो काही त्या उचलेनात. त्या जेवत नाहीत म्हणून पंगतीतलं कोणीच जेवेना.

दिनानाथ पुढं झाला. "तूप कमी पडलं का?" नाही. "पाट बदलू का?" म्हणाला आणि जीभ चावली. पाटाचं नाव काढायला नको होतं! मागं कोणीतरी फिस्कन हसलं. भात निवत चालला. अप्पासाहेब छताकडे पाहत बसले होते. दिनानाथनं उपरण्यानं कपाळ पुसलं आणि तसाच, जमिनीवर, विहिणीपुढं बसला.

"काय चुकलं, सांगून टाका."

"आता काय सांगू, व्याहीजी?" भानुमतीबाई म्हणाल्या. "तीन साल झाले, पूर्ण इंदुरात माझं नाव वाजून राहिलं. गल्लीतली पोरंसुद्धा गाऊन राहिली. आणि माझ्या स्वतःच्या पंगतीला, माझ्या व्याह्याच्या दारात, मलाच गाणं नाही? खामखा बसले का मी पाटावर?"

थट्टा हा वरमाईचा मान असतो, थट्टा केली नाही तर तिला परकी धरलं असा अर्थ होतो, हे दिनानाथ शंभर लग्नांत गाऊनही विसरला होता. त्यानं उपरणं डोक्यावर घेतलं. लोकांना तेवढं पुरे होतं. पाट म्हणाला, कंबर खचली, जिलब्यांची परात रिती झाली, सगळं झालं. मांडव हसून लोळला. रेकॉर्ड जिथं संपते तिथं तो थांबला आणि टाळ्या पडल्या.

भानुमतीबाईंचा हात अजून मांडीवरच होता.

"पुढं?"

"पुढं... एवढंच आहे."

"असं कसं? विहिणीचं गाणं असं अर्ध्यात संपत नाही. घरी रेकॉर्ड संपली की मी दर वेळी थांबून राहते. पुढं काय आहे?"

दिनानाथच्या डोक्यात नुसती सुई खरखरत होती. स्वतःचंच गाणं, आणि एक शब्द आठवेना. मागं शांताबाई तुपाची वाटी घेऊन उभी होती. तिनं अगदी पहिल्या लग्नापासूनची गाणी ऐकली होती. ती हळूच म्हणाली, "अहो, थट्टा सरली..."

*थट्टा सरली, हात जोडतो, विहीणबाई माई,*
*विचारून वाढा लेकीला, ती मागून घेत नाही.*

हे कडवं त्यानं कितीतरी लोकांच्या लेकींसाठी घाईघाईनं उरकलं होतं. आज दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज फाटला. लोकांना वाटलं, ही नवी नक्कल. डोक्यावर उपरणं, मिशीवर पाणी, विहिणीपुढं जोडलेले हात. ते आणखी जोरात हसले. हे हसताहेत का, आणि आपण रडतोय का, दिनानाथला काहीच कळेना.

भानुमतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी मांडीवरचा हात उचलला, पण भाताला लावला नाही. मान वळवून त्यांनी शांताबाईला विचारलं,

"विहीणबाई, उषा जेवली का?"

"सकाळपासून उपाशी आहे हो."

"मग तिचं पान मांडा इथं, माझ्या बाजूला. आणि ती नको म्हणाली तरी वाढा."